विश्वासू प्रवाशाचं कार्ड: खान्देशातून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी

हद्द ओलांडण्याचं आपल्याकडे कुणाला अप्रूप नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. बाकावर बसलेला माणूस नुसता सरकला तरी दुसऱ्या राज्यात जातो, आणि त्याला कुणी हटकत नाही. रावेरच्या केळीवाल्याला बऱ्हाणपूर म्हणजे शेजारचं गाव. त्यामुळे मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत पहिल्यांदा तासभर उभं राहिलेला आपला माणूस घरी आल्यावर अमेरिकेच्या आधी त्या रांगेचीच गोष्ट सांगतो.

ही रांग टाळायचा सरकारी मार्ग आहे: ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’, म्हणजे विश्वासू प्रवासी, म्हणून आधीच नोंदणी करायची. मी पोस्टात नोकरी केली, त्यामुळे फॉर्म भरून द्यायची सवय हाताला लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. लेक कॅनडात, भाचा न्यू जर्सीत. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज आमच्या ओट्यावर बसूनच भरले गेलेत. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे कार्ड तुमच्याबद्दल बोलतं, तुमच्या बॅगेबद्दल एक अक्षर बोलत नाही. रांग वाचते; बॅगेत काय आहे याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, आणि कार्ड असलेल्या माणसाला जरा जास्तच चोख द्यावं लागतं. बहुतेक लोकांचा घोटाळा इथेच होतो.

आधी आपल्याला कोणतं हवं ते ठरवा

‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर कार्ड’ असं एकच कार्ड नसतं. प्रत्येक देशाची आपली योजना असते, आणि काही योजनांत तर हातात कार्ड मिळतच नाही. आपल्या कामाच्या तीन आहेत.

पहिली भारताची: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता आणि कोची इथे आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) दोघांनाही चालते. जळगाव-धुळ्याच्या माणसाला मुंबई सोयीची, नंदुरबारच्या माणसाला सुरतमार्गे अहमदाबादही जवळ पडतं. दोन्हीकडे सोय आहे, म्हणून ही योजना आपल्याला बरोबर बसते.

दुसरी अमेरिकेची ग्लोबल एंट्री. २०१७ पासून भारतीय नागरिकांना अर्ज करता येतो. दरवर्षी लेकाकडे जाणाऱ्यांनी हिचा विचार करावा. आयुष्यात एकदाच नायगारा बघून यायचं असेल तर त्या खर्चात आणि खटाटोपात पडू नका.

तिसरी नेक्सस, अमेरिका आणि कॅनडा या दोघांची मिळून. ही त्या देशांच्या नागरिकांसाठी आणि तिथे कायम निवासी झालेल्यांसाठी आहे. म्हणजे मुलाला कॅनडाचं पीआर मिळालं असेल तर तो अर्ज करू शकतो. तुम्ही व्हिजिटर म्हणून गेला असाल तर तुम्हाला नाही मिळत.

आणि डिजियात्रा वेगळं. मोबाइलवर नोंदणी करून, गेटवर चेहरा दाखवून टर्मिनलमध्ये शिरायचं ते डिजियात्रा. त्याचा इमिग्रेशनशी संबंध नाही. ओट्यावर येणारे पाचातले तीन जण “माझं तर काढलेलं आहे” म्हणतात तेव्हा ते डिजियात्राबद्दलच बोलत असतात.

भारताची नोंदणी, पायरीपायरीने

पासपोर्ट समोर ठेवूनच बसा. त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. थोडीच उरली असेल तर आधी पासपोर्ट नवा करा, कारण ही नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढीच टिकते. संपत आलेल्या पासपोर्टवर नोंदणी करणं म्हणजे उतरणीला लागलेल्या केळीच्या बागेला खत घालणं.

अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का बघा. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी जाहिरात अनेकदा एजंटाची असते. योजना सुरू झाली तेव्हा सरकारने नोंदणी निःशुल्क ठेवली. कुणी ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली हजार-दोन हजार मागत असेल तर आधी संकेतस्थळावर शुल्काचा रकाना वाचा, मग खिशात हात घाला.

लागतं काय? पासपोर्ट साइज फोटो, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करून, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. ओसीआय असेल तर त्या कार्डाचीही पानं. फोटो मोबाइलवर काढून दिला तर बऱ्याचदा परत येतो. गावातल्या फोटो स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोर काढा आणि सॉफ्ट कॉपी मागून घ्या.

आता नाव. इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण खान्देशातले निम्मे अर्ज इथेच अडकतात. आपल्या लोकांच्या जुन्या पासपोर्टात तऱ्हा असतात. एखाद्याचं आडनावाचं घर रिकामं आणि ‘रमेश सुपडू पाटील’ सगळं पहिल्या नावात. दुसऱ्याच्या आधारवर ‘चौधरी’चं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं. बाईचं पासपोर्टवर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं. अर्जात पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर, त्याच घरात भरा. चूक पासपोर्टातच असेल तर ती अर्जात सुधारू नका. आधी पासपोर्ट दुरुस्त करा. विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढा, कारण गेटवरचं यंत्र बोर्डिंग पास आणि पासपोर्ट जुळवून बघतं. यंत्राला ‘आमच्याकडे असंच लिहितात’ हे समजावून सांगता येत नाही.

पत्त्याचंही तसंच. ‘मु. पो.’ कुठे, ‘ता.’ कुठे, पिन कोड तालुक्याचा की गावच्या पोस्टाचा, हे आधारवर जसं आहे तसं ठेवा. शेतातल्या घरात राहत असाल आणि पुरावा गावातल्या घराचा असेल तर गावातलाच पत्ता द्या आणि तिथे कुणीतरी निरोप घेईल अशी व्यवस्था करा.

अर्ज गेला की सरकारी पडताळणी होते. तिकीट पुढच्या आठवड्याचं आणि अर्ज आज, असं करू नका. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी बसा. मंजुरीचा निरोप मोबाइलवर आणि ईमेलवर येतो. ईमेल पुतण्याचा दिला असेल तर त्याला तसं सांगून ठेवा. आमच्या एका शेजाऱ्यांचा निरोप पुतण्याच्या मोबाइलात महिनाभर पडून होता.

बोटांचे ठसे

मंजुरीनंतर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र द्यायचं असतं. त्यासाठी योजनेतल्या विमानतळावर किंवा जवळच्या विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात वेळ घेऊन जायचं. खान्देशातून त्यासाठी खास मुंबईचा फेरा मारायचा की नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत: मुंबईत लग्नकार्य, दवाखाना, काही काम असेल त्याला जोडून घ्या. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर आहे. नुसत्या ठशांसाठी रात्रीची गाडी पकडण्यात मजा नाही.

ठशांबद्दल मात्र कान देऊन ऐका. आमच्या घरातलीच गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींनी उभ्या आयुष्यात कापूस वेचलाय, केळीची पानं कापलीत. यंत्रावर बोट ठेवलं की दिवा लालच. खिडकीतल्या पोराने चार वेळा पुसायला लावलं, पाचव्यांदा माझ्याकडेच बघितलं. केळीचा चीक कातडीवर काळा बसतो, कापसाच्या बोंडाने बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडतात, आणि मग रेषा उमटत नाहीत. रेशन दुकानात ज्यांचा अंगठा लागत नाही, त्यांचं इथेही तेच होतं.

उपाय साधा आहे. वेळ ठरली की आधीचे दहा-बारा दिवस शेतातल्या कामाला सुट्टी. रोज रात्री बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. जायच्या दिवशी मात्र तेल लावायचं नाही. साबणाने हात धुवून कोरडे करून जायचं, कारण काचेवर तेलाचा डाग पडला की पुन्हा लाल दिवा. मेंदी नको, आदल्या दिवशी कांदे-मिरच्या चिरणंही नको. दुसऱ्या फेरीला आमच्याकडे दहाही बोटं एका दमात लागली.

विमानतळावर गेट कसं वापरायचं

बॅगा देऊन बोर्डिंग पास घेतला की इमिग्रेशनकडे जाताना फास्ट ट्रॅकच्या ई-गेटची पाटी शोधा. दिसली नाही तर गणवेशातल्या माणसाला विचारा. नेहमीच्या रांगेत शिरून अर्धी रांग संपल्यावर पाटी दिसणं, हा प्रकार सगळ्यांकडून एकदा होतोच. गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करायचा, मग यंत्र तुमची ओळख पटवतं. पटली की झडप उघडते. इमिग्रेशन झालं, एवढंच. अर्ध्या मिनिटात काम होतं असं सरकारने उद्घाटनाच्या वेळी सांगितलं होतं, आणि पासपोर्ट उलटा धरला नाही तर खरंच तेवढ्यात होतं.

पासपोर्टचं प्लॅस्टिकचं कव्हर आधीच काढून ठेवा. चष्मा, टोपी, डोक्यावरचा पदर जरा बाजूला. एका वेळी एकच माणूस. नवरा-बायको हात धरून शिरले की यंत्र दोघांनाही अडवतं. एकाची नोंदणी आहे आणि दुसऱ्याची नाही, असं असेल तर दोघेही साध्या रांगेत जा. पलीकडे एकट्याने उभं राहून काळजी करण्यात वाचलेला वेळ जातोच.

येतानाही हेच गेट चालतं.

अमेरिकेची ग्लोबल एंट्री

थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज भरायचा, १२० डॉलर भरायचे. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. १८ वर्षांखालच्या मुलाचे आई किंवा बाप सदस्य असतील, किंवा सोबत अर्ज करत असतील, तर मुलाचे पैसे लागत नाहीत; पण मुलाचा अर्ज वेगळाच लागतो, मग ते पाळण्यातलं का असेना. भारतीयांना त्याबरोबर आपल्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर ग्लोबल एंट्रीसाठीच्या पडताळणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. अमेरिकेची सशर्त मंजुरी आली की मुलाखत उरते. ती अमेरिकेतल्या नोंदणी केंद्रावर होते, किंवा ठरावीक विमानतळांवर उतरल्याउतरल्याच देता येते. आपल्या लोकांना हा दुसरा मार्ग बरा: एकाच फेरीत काम होतं. सदस्यत्व पाच वर्षांचं.

ग्लोबल एंट्रीचं प्लॅस्टिकचं कार्ड अमेरिकन नागरिक, तिथले ग्रीन कार्डवाले आणि मेक्सिकोचे नागरिक यांनाच पाठवतात. भारतीय पासपोर्टवाल्याला नंबर मिळतो आणि विमानतळावर चेहरा आणि पासपोर्टवरच काम होतं. कार्ड आलं नाही म्हणून पोस्टमनला बोल लावू नका. मी त्या बाजूने सांगतोय.

व्हिसा वेगळा लागतोच. नवीन व्हिसा किंवा नवीन पासपोर्ट मिळाला की खात्यात माहिती बदलावी लागते.

अर्जात गुन्ह्यांबद्दल प्रश्न असतो. आपल्याकडे बांधावरून मारामारी झाली, दोन्हीकडून तक्रारी झाल्या, केस अजून कोर्टात पडून आहे, असं घरोघर असतं. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको केला आणि नाव लागलं, असंही असतं. ‘ते काय गुन्हा थोडाच आहे’ म्हणून लपवू नका. चालू असलेल्या केसमुळे नकार येऊ शकतो, हे खरं. पण खोटं उत्तर पुढच्या व्हिसालाही नडतं. केस असेल तर वकिलाला विचारून मगच १२० डॉलर घाला.

नेक्सस: पोरांसाठी

कॅनडात पीआर असलेल्या मुलांना हे खरोखरच कार्ड म्हणून मिळतं. आत रेडिओची चिप असते, म्हणून ते सोबत आलेल्या पाकिटात ठेवायचं. गाडीने अमेरिकेत जाताना नेक्ससच्या लेनमध्ये शिरल्यावर बाहेर काढून वाचकयंत्राकडे धरायचं. गाडीत बसलेल्या प्रत्येकाकडे कार्ड हवं. मागच्या सीटवर जळगावहून आलेले आई-बाबा असतील तर ती लेन विसरायची. लेकीने हे मला उन्हाळ्यात दोन तासांच्या रांगेत समजावून सांगितलं. मी मागच्या सीटवर होतो.

भारतीय पासपोर्टवाल्या पीआरला अमेरिकेचा व्हिसा तरीही लागतो. नेक्सस हा व्हिसा नाही.

कस्टम्स: कार्ड इथे गप्प बसतं

आता मुख्य गोष्ट. परदेशी उतरल्यावर अधिकारी विचारतो: खाण्याचं काही आणलंय? आणि आपल्या बॅगेत तर खान्देश भरलेला असतो. काळा मसाला, बिबडे, कळण्याचं पीठ, शेव, लोणचं, उडदाची डाळ, आणि आग्रहाने कोंबलेली भरताची चार हिरवी वांगी.

वांगी घरीच ठेवा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं, पण अमेरिकेच्या कस्टम्सला ताजी भाजी आणि फळ म्हणजे किडीचं घर. कढीपत्ताही नको. तांदूळ आणि काही कोरडी कडधान्यं भारतातून प्रवाशाच्या बॅगेत नेता येत नाहीत, त्याचं कारण धान्यात पडणारा एक बारका किडा. त्याचं नाव जगभर ‘खापरा’. आपण खापरावर मांडे भाजतो आणि तिकडचे अधिकारी खापरा म्हटलं की दचकतात. भाजलेलं, शिजवलेलं, दळलेलं, कंपनीच्या पाकिटातलं बहुधा जातं. शेवटचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा.

पण काय चालतं याच्यापेक्षा सांगितलं का, हे मोठं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील आणि कचऱ्यात टाकतील. न सांगता सापडली तर पहिल्याच वेळी १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ट्रस्टेड ट्रॅव्हलर असाल तर सदस्यत्वही जाऊ शकतं. पाच वर्षांची सोय पाव किलो उडदासाठी घालवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सौभाग्यवतींना मी घरीच पाठ करून घेतलं होतं: विचारलं की आधी ‘येस’ म्हणायचं. त्यांनी म्हटलं. मग अधिकाऱ्याने बॅग उघडली, बिबड्याचा डबा वर काढला, एक उजेडात धरून बघितला, वास घेतला. काय आहे? मी ज्वारीचं इंग्रजी आठवेपर्यंत सौभाग्यवतींनी “पापड” म्हणून टाकलं. त्याला तो शब्द ठाऊक होता. डबा परत आत गेला. उडदाची पुडी मात्र बाजूला ठेवली. ती मी आदल्या रात्री दोनदा बाहेर काढली होती. तिसऱ्यांदा कुणी आत ठेवली, हे आजवर कबूल झालेलं नाही.

रोख पैसे १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर तिथे सांगावे लागतात. अमेरिकेच्या बाजूने मनाई नाही, फक्त सांगायचे.

परत येताना, आणि सोन्याचं

भारताची फास्ट ट्रॅक नोंदणी इमिग्रेशनपुरती आहे. बॅगा घेतल्यावर हिरवा मार्ग आणि लाल मार्ग सगळ्यांना सारखे. सांगण्यासारखं काही असेल तर लाल. कस्टम्सचं ‘अतिथी’ नावाचं ॲप आहे, त्यात आधीच माहिती भरून ठेवता येते. भेटवस्तूंची करमुक्त मर्यादा बदलत असते, निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दारू दोन लिटर, सिगारेटी शंभर. परकीय चलनाच्या नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर सांगायचं.

आणि सोनं. जळगावच्या माणसाला सोन्याबद्दल शिकवायला जाणं धाडसाचं, तरी सांगतो. दागिन्यांची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून आलेल्यांना आहे: बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत. दागिनेच, नाणी आणि बिस्किटं त्यात बसत नाहीत. सहा महिने लेकीकडे राहून आलेल्या आईला ही सवलत लागू नाही.

मग आईच्या अंगावरच्या पाटल्या, पोत? त्या तर इथूनच घालून गेली होती. घोटाळा असा की परत येताना ते सिद्ध करायचं तिनेच. म्हणून जड दागिने घालून जायचंच असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सच्या खिडकीवर ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. सोबत सराफाची पावती न्या. पावती चाळीस वर्षांपूर्वीची, हरवलेली असेल तर निघण्याआधी सराफाकडून वजन आणि वर्णन लिहून घ्या आणि अंगावर दागिने असलेला फोटो काढून ठेवा. या कामासाठी विमानतळावर तासभर आधी पोचा. माझा सल्ला विचाराल तर मंगळसूत्र आणि कानातलं पुरे, बाकी लॉकरमध्ये. घरी हा सल्ला एकमताने फेटाळला गेला, म्हणून मला ती खिडकी कुठे आहे ते माहीत आहे.

घरी आल्यावर

पासपोर्ट नवा झाला की भारताची नोंदणी पुन्हा करावी लागते, जुन्या नंबरावर गेट उघडत नाही. ग्लोबल एंट्रीच्या खात्यात नवा नंबर घाला. संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून उपयोग नाही, कॅलेंडर दर वर्षी बदलतं. आमच्याकडे ती पासपोर्टच्या पाकिटावर जाड पेनाने लिहिलेली आहे, ठसे लागायला किती दिवस तेल चोळायचं त्याच्या खाली.